मामांचा गोबरगॅस

माझ्यासारख्याने लिहायला बसावे, हे धाडसच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि आजवरचे माझे लेखन म्हणजे आळीतल्या बायकांनी सांगितलेली पत्रे. चुकले तर क्षमा करावी. पण परवा सांगलीत खोलीवरच्या मित्रांनी माझ्या थोरल्या मामांना वेडे म्हटले, आणि मला राहवेना.

वस्तू वाया गेलेली पाहून मामांइतका भडकणारा माणूस साऱ्या खटाव तालुक्यात झाला नाही. फौजेतून ते वडूजजवळच्या गावी परतले, ते जणू सांडलेल्या पाण्याशी लढायलाच. त्यांच्या घरी आंघोळीचा दगड केळीच्या आळ्यात होता आणि पाहुण्यालाही तिथेच बसावे लागे. एकदा नवा जावई साबणाचा फेस काढत बसला, तेव्हा मामा अंगणातूनच ओरडले, "आवं जावईबापू, लगीन झालंय न्हवं तुमचं? मग आता कुणासाठी एवढं घासताय? केळ मरंल माझी!" जुन्या फौजी कोटातून त्यांनी दोन पिशव्या आणि बैलाची झूल काढली, आणि उरलेल्या तुकड्याचे माझ्या वहीला कव्हर शिवले. माझी अर्थशास्त्राची वही कॉलेजात सरहद्दीवर निघाल्यासारखी दिसे.

एवढ्यावर कोणी रागावले नाही. भांडण पेटले ते शेणावरून. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मामीचे डोळे तपासून सांगितले होते की, धूर थांबला नाही तर नजर जाईल. मामांनी घरी येऊन कोणाला न विचारता गोठ्यामागे खड्डा खणायला घेतला. गोबरगॅसची टाकी बसली, स्वयंपाकघरात नळी आली आणि शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली. मामांनी तिला चक्क सलाम ठोकला.

मामी म्हणाली, "ह्याच्यावर मी देवाचा निवद करायची न्हाई."

"मग चुलीत काय चंदन जाळतीस? शेणीच की! शेणानं घर सारवतीस, तवा देव बाटत न्हाई व्हय?"

"ते शेण वाळल्यालं असतंय."

या उत्तरावर मामा तडक गोठ्यामागे गेले आणि टाकीत आणखी दोन पाट्या शेण ओतून आले.

मग गावची जत्रा आली. आमच्याकडे जत्रेचे मटण पुरुषच शिजवतात, म्हणून मामांनी ते शेगडीवर शिजवले आणि सारी भावकी जेवायला बोलावली. चारचौघांनी वाखाणले की मामीची भीड मोडेल, हा त्यांचा बेत. पंगत बसली, रस्सा वाढून झाला. तेवढ्यात भावकीतल्या एका चुलत्याने मामांना विचारले, "दाजीबा, ह्येला संडास तर न्हाई न्हवं जोडला?"

दुसऱ्या कोणी 'छे छे' म्हणून विषय संपवला असता. मामांना खोटे बोलता येत नाही. ते म्हणाले, "आजून न्हाई. पर जोडणार हाय. माणसाचं तरी कशाला वाया घालवायचं?"

सगळी पंगत उठली. मामा उंबऱ्यात आडवे उभे राहून ओरडत होते, "आरं, आजून जोडला न्हाई म्हंतोय न्हवं! बसा की रं!" कोणी बसले नाही. ज्यांच्या बायका चुलीपुढे डोळे पुसत म्हाताऱ्या झाल्या, तीच माणसे नाकाला धोतराचा सोगा लावून निघाली. आजही आठवले की माझे डोके फिरते. पण रागवावे कोणावर? मामांनी माझ्याकडे पाहून विचारले, "तू तरी खातूस न्हवं, गड्या?" आणि कॉलेजात शिकणारा मी म्हणालो, "पोट भरलंय, मामा."

त्या दिवसापासून मामी शेगडीकडे फिरकली नाही, आणि मामांनी चुलीवरचे अन्न सोडले. एका घरात दोन स्वयंपाक होऊ लागले. मामा आपली वेडीवाकडी भाकरी निळ्या ज्योतीवर भाजत. मामी धुरात बसून आपली भाकरी चुलीवर भाजत असे, आणि दर सुट्टीत मला तिचे डोळे अधिक लाल दिसत. मी दोघांकडेही जेवलो, समजूत मात्र कोणाची काढू शकलो नाही.

काल मामांचे कार्ड आले. त्यांना आठ दिवस ताप होता. चुलीवरची पेज त्यांनी दोन दिवस परत पाठवली. तिसऱ्या दिवशी, ते लिहितात, "तुझ्या मामीने मला लाख शिव्या दिल्या आणि पातेले शेगडीवर आदळले. काडी तिनेच ओढली. पेज करपली होती, मी दोन वाट्या खाल्ली. आता ताप नाही. चूल तेव्हापासून गार आहे. ती माझ्याशी अजून बोलत नाही, पण शेगडी रोज पुसते."