पोळ्याचा निळा डगला

ही गोष्ट शैलालाही ठाऊक नाही. शैला म्हणजे माझी बायको. एकतीस वर्षांच्या संसारात माझ्या पायाला कुठं कुरूप आहे इथपासून कुठल्या मेव्हण्याला मी मनातल्या मनात काय म्हणतो इथपर्यंत तिला सगळं माहीत आहे. हे तेवढं नाही. सात वर्षं झाली, मी कुणाजवळ अवाक्षर काढलेलं नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? — खरं सांगू, तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ नेहमी दोन पावलं पुढे धावते, आणि मुळात सगळा घोटाळा झाला तो तिच्यामुळेच.

मी नगरला सावेडीत राहतो. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, आता निवृत्त आहे. तिथं एकदा फ्रान्सहून मशीन आलं आणि ते बसवायला ल्यूक आला. उंच, जरा वाकून चालणारा, हाताला ग्रीस लागलं की खूश होणारा माणूस. तीन महिने आम्ही त्या मशीनच्या पोटात एकत्र डोकं घातलं, आणि माझ्या मोडक्या इंग्रजीची त्याच्या मोडक्या इंग्रजीशी छान गट्टी जमली. एकदा चहाच्या वेळी तो म्हणाला, माझे आजोबा दुसऱ्याच्या शेतावर जन्मभर गडी होते. हे त्यानं असं सांगितलं, जसं आमच्याकडे आजोबा पाटील होते म्हणून सांगतात. मग त्यानं विचारलं, तुझी शेती आहे का?

आता यावर काय सांगायचं असतं? माझे काका शेती करतात, मी महिन्यातून एकदा जातो आणि वांगी-मिरच्या पिशवीत भरून आणतो — एवढंच खरं होतं. पण जिभेला हाड नसतं म्हणतात ना! मी म्हणालो, आहे तर. चार एकर आहे, खिलारी बैलांची जोडी आहे, सगळं बघायला एक गडी ठेवलाय.

चार एकर खरी, वडिलांच्या वाटणीची. बैल माझे नव्हते. आणि गडी — थांबा, त्याआधी नाना कोण ते सांगतो.

नाना माझे सख्खे धाकटे चुलते. राहुरीच्या पुढे, मुळा धरणाच्या पाटाखाली आमची वस्ती आहे, तिथं ते आणि नानी राहतात. वडील गेले तेव्हा मी आठवीत होतो. पुढं नगरला शिकायला राहिलो, तेव्हा नाना रोज पहाटे दीड कोस सायकल मारून फाट्यावर यायचे आणि पहिल्या एसटीत माझा डबा ठेवायचे. स्टँडवर जाऊन मी तो घ्यायचो, भाकरी कोमटच असायची. चार वर्षं एक दिवस चुकला नाही. आमची जमीन तेच कसतात, पोती भरून धान्य सावेडीला तेच पोचवतात. बैल त्यांचे, कष्ट त्यांचे, आणि मी आपला आयत्या बिळावर नागोबा.

तर ल्यूकशी बोलताना मी ज्याला गडी म्हणालो, ते नाना. समजलं ना? मी दुसऱ्या कुणाचा विचार करत होतो असं म्हणायलाही मला जागा नाही. मशीनशेजारी उभा राहून मी ते बोललो तेव्हा डोळ्यांपुढे नानाच होते — डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, हातात कासरा धरलेले.

ल्यूक परत गेला, पण मैत्री टिकली. मी त्याला मोबाईलवर लांबलचक मजकूर पाठवायचो. पोळ्याचं तर असं वर्णन करायचो की विचारू नका. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं कसे मळतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असं त्यांच्या कानात कसं सांगतात, शिंगांना हिंगूळ कसा लावतात. आणि हेही लिहिलं होतं, की त्या दिवशी मालक गड्याला नवं कापड करतो. गडी हा शब्द मी तसाच, इंग्रजी अक्षरांत लिहायचो. ल्यूकला तो आवडला होता. त्याच्या आजोबांसाठी एक नवा शब्द मिळाला म्हणायचा.

आणि एका ऑगस्टमध्ये तो आणि त्याची बायको मारी आमच्या दारात येऊन उभे राहिले. खास पोळा बघायला आले होते.

दहा दिवस घरात नुसती धमाल होती. शैलानं मिरच्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. मारीनं आणलेल्या चीजला असा काही वास होता, की ते तीन पिशव्यांत गुंडाळूनही फ्रीज उघडला की आमचा कुत्रा भुंकायचा. शेजारच्या वहिनी रोज काहीतरी निमित्त काढून डोकावून जायच्या. ल्यूक जेवण झालं की स्वतःचं ताट घासायला घ्यायचा. शैला ते हातातून ओढून घ्यायला धावायची, तो द्यायचा नाही, आणि मोरीपाशी दोघांची रोज झटापट व्हायची. आमच्या घरी कुणी कुणाचं ताट घासत नाही, तो म्हणायचा. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची.

पोळा जवळ आला तसं मात्र नानांना गाठणं भाग झालं. आदल्या दिवशी मी गच्चीवर जाऊन नानांना फोन केला. म्हणालो, नाना, पाहुण्यांना मी सांगितलंय की बैल माझे आहेत, तेवढं सांभाळून घ्या. नाना हसले. म्हणाले, "आरं सुऱ्या, तुझेच हायेत की. तू का परका हायेस व्हय?"

गड्याचं मी त्यांना काहीच बोललो नाही. कसं बोलणार होतो?

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. खाली बैठकीत ल्यूक बसला होता. गच्चीच्या सोळा पायऱ्या उतरून जायचं आणि म्हणायचं, बाबा रे, मी बढाया मारल्या, बैल काकांचे आहेत. तो हसला असता आणि माझ्या पाठीत थाप मारली असती. मी खाली उतरलो आणि त्याला विचारलं, चहा घेणार का?

दुसऱ्या दिवशी वस्तीवर पोचलो तर नानांनी बैल पाटावर नेऊन धुऊन आणलेले होते. गुलब्या आणि मोत्या. पाठीवर झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. नानींनी पूजेचं ताट भरून ओट्यावर ठेवलं होतं, नवं लुगडं नेसून त्या उभ्या होत्या. पोळ्याला बैलांचे पाय धुण्याचा आणि त्यांना पोळी चारण्याचा मान मालकिणीचा असतो. नानींनी तो मान चाळीस वर्षं घेतला होता. मी शैलाला म्हणालो, तू कर पूजा, पाहुण्यांना फोटो हवेत. शैलाला वाटलं कौतुकानं म्हणतोय. तिनं नानींकडे पाहिलं, आणि नानींनी ताट उचलून तिच्या हातात दिलं.

मी डोक्याला फेटा बांधून पुढं उभा राहिलो. बैल माझ्या हाताला कसले राहतात! मी जवळ गेलो की मोत्या शिंग हलवायचा. म्हणून कासरा नानांनी धरला. पूजेला मालक आणि मालकीण पुढं, गडी बाजूला कासरा धरून — असं मीच लिहून कळवलं होतं. तसंच सगळं ल्यूकला समोर दिसत होतं.

पूजा झाली. बैलांनी पुरणपोळ्या खाल्ल्या. मग ल्यूकनं मारीला खूण केली, तिनं गाडीतून एक पुडकं आणलं. त्यात डगला होता. जाड सुती कापडाचा, गडद निळा, तीन खिशांचा. त्यांच्याकडे कष्टकरी माणसं पूर्वीपासून असा डगला घालतात, त्याच्या आजोबांचाही असाच होता, हे त्यानं मला नंतर सांगितलं. तो नानांसमोर गेला. डगला दोन्ही हातांवर धरला, मान लववली, आणि पाठ केलेले शब्द एकेक करून म्हणाला — गडी. पोळा. नवं कापड.

अंगणात आम्ही सहाच माणसं होतो. नानींचा हात पदराशी गेला. शैला गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. आणि नानांनीही माझ्याकडे पाहिलं.

किती वेळ? फार तर मोत्यानं एकदा मान झटकली असेल आणि घुंगरं वाजून थांबली असतील, एवढाच. त्या वेळात मला फक्त तीन शब्द बोलायचे होते. हे माझे काका. इंग्रजीतही तीन-चारच शब्द होतात. मला ते येत होते. मी मूग गिळून उभा राहिलो, वर फेटा बांधलेला.

नानांनी कासरा डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं डगला घेतला आणि कपाळाला लावला. म्हणाले, "घेतो की. पोळ्याला मालकानं गड्याला कापड द्यायाचंच असतंय." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "व्हय ना, मालक?"

मी हसलो. हो, हसलो. ल्यूकच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याच्या आजोबांसाठी. त्यानं नानांना मिठी मारली. मारीनं फोटो काढला.

परतताना गाडीत शैलानं हळूच विचारलं, अहो, ल्यूक नानांना गडी का म्हणाला? मी म्हणालो, काहीतरी गैरसमज झालाय त्याचा, परका माणूस आहे, जाऊ दे. म्हणजे तो आळही मी पाहुण्यावर ढकलला. तिनं भाबडेपणानं नानींना फोन करून तसं सांगितलंसुद्धा. नानी म्हणाल्या, बरं बाई. नानांनी फोन मागून घेतला, मला द्यायला सांगितला आणि एवढंच विचारलं, "पाव्हन्यांना बरं वाटलं ना, सुरेशराव?"

सुरेशराव. जन्मापासून मी त्यांचा सुऱ्या होतो. त्या दिवसापासून सुरेशराव झालो, अरे-तुरेचं अहो-जाहो झालं. आवाज तोच, माया तीच, धान्याची पोती तशीच दारात येतात. फक्त सुऱ्या म्हणून कुणी हाक मारत नाही. शैला म्हणते, वय झालं तसा नाना मान द्यायला लागले तुम्हाला. मी हो म्हणतो.

डगला ते वापरतात. थंडीत पिकाला पाणी धरायला जाताना रोज अंगात असतो. एकदा फाट्यावरच्या चहावाल्यानं मला सांगितलं, "नाना लई मिरवत्यात तो. पुतन्यानं फ्रान्सवरनं मागवून दिला म्हनत्यात." ऐकून मी चहा तसाच ठेवला आणि उठलो. माझी अब्रू झाकायला ते गावभर खोटं बोलत होते, आणि माझ्याच्यानं त्यांच्यासाठी एक खरं बोलवलं नव्हतं.

इथं थांबलो तर तुम्ही म्हणाल, जाऊ द्या हो, क्षणाची चूक, माणूस गांगरतो. पण मी सांगायला बसलो ते हे नव्हेच. ते पुढंच आहे.

गेल्या पोळ्याला ल्यूकचा मेसेज आला. आता त्याला फारसं हिंडवत नाही, गुडघे गेलेत. त्यानं लिहिलं, तुझा गडी कसा आहे? डगला अजून आहे का? एक फोटो पाठव. मी वस्तीवरच होतो. बैल नानांनी विकलेत, लाकडी पाटावर मातीची जोडी मांडली होती. मी म्हणालो, नाना, ल्यूकला तुमचा फोटो हवाय. ते आत जाऊन डगला घालून आले. कोपरं विटलीत, एका खिशाला नानींनी लुगड्याचं ठिगळ लावलंय. मातीच्या बैलांशेजारी ताठ उभे राहिले. मी फोटो काढला.

या वेळी कुणी समोर नव्हतं. घाई नव्हती, फेटा नव्हता. मोबाईल माझ्या हातात होता आणि मला हवं ते लिहिता येत होतं. पण इतकी वर्षं मी ल्यूकला फसवलं हे कळलं तर त्याला काय वाटेल, एवढाच विचार माझ्या मनात आला. मी इंग्रजीत लिहिलं, माझा गडी मजेत आहे, डगला अजून घालतो.

नाना जवळ येऊन उभे राहिले. "काय लिवलं खाली, सुरेशराव?"

मी म्हणालो, लिहिलंय की हे माझे नाना.

त्यांनी मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. नानांना मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. त्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं, सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. चेहरा असा उजळला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"ब्येस लिवलंस, सुऱ्या," ते म्हणाले.

मी मोबाईल परत घेतला आणि ती ओळ पाठवून दिली.