न वेचलेल्या कापसाचा भाव

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अंगणात बसून कापसातली सरकी काढणं. मी चरखी फिरवत होतो. ती कापूस सारत होती आणि शेजारणीच्या गाभण म्हशीच्या पोटातल्या पारडीचा भाव ठरवत होती. जे अजून जगात आलंच नाही त्याचा सौदा करणारी अशी बाई साऱ्या वऱ्हाडात दुसरी झाली नसेल. ती माझी बायको.

हे वेड तिला मेहकरच्या बाजारात लागलं. आम्ही कापूस विकायला गेलो होतो. दलालाच्या ओट्यावर माणसं तेजी-मंदी ओरडत होती. हिनं सरळ विचारलं, "कापूस कुठी हाय?" दलाल हसला. "बाई, इथी कापूस नाही, पुढच्या महिन्याचा भाव विकतो. चढला तं घेणाऱ्याले फरक भेटते, उतरला तं विकणाऱ्याले." परतताना ती गाडीत बोटांवर हिशेब करत होती. गाव दिसल्यावर म्हणाली, "घरी माल नसला तं तो जुगार. माल असला तं आधार."

तेव्हापासून आमच्या घरात आजच्या भावानं काही आलं नाही. उन्हाळ्यातल्या माठांचा भाव ती कुंभाराशी थंडीतच बांधायची. मलाही सोडलं नाही. उन्हाळाभर पाणी ती आणणार, हिवाळाभर मी, असं चैत्रातच कबूल करून घेतलं. चैत्रात हो म्हणायला काय जातं! पौषात पहाटे मी कुरकुरलो, तर म्हणे, "वायद्यात दोघंबी बांधलेले असतात. म्या उन्हात आणलं नं?"

म्हशीचं मात्र निराळं. शेजारणीला तिनं पायलीभर जवारी विसार, म्हणजे बयाणा म्हणून दिली. पारडी झाली तर ठरल्या भावानं घ्यायची, नको वाटलं तर सोडायची.

"आन टोणगा झाला तं?" मी विचारलं.

"जवारी गेली. त्याहून जास्त काही नाही जात. बयाणा घेणारी बांधलेली, देणारी मोकळी. समजलं?"

"नाही वं."

"म्हनून तं मी हाओ घरात."

दोन दिवसांच्या तापात ती गेली.

तेरवीच्या संध्याकाळी अमडापूरचा पिंजारी आला. पावसाळ्यात तिनं त्याच्याशी रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, वायदा करून भाव बांधला होता, आणि त्या भरवशावर त्यानं लग्नघरच्या गाद्यांचे भाव कबूल केले होते. आता रुई फार चढली होती. बाजारातून घेतली असती तर त्याचा सारा हंगाम बुडाला असता. तरी माणूस भला. म्हणाला, "दादा, बोल भाभीचा होता. भाभी गेली, तुमी मोकळे."

माझा भाऊ लगेच म्हणाला, "मोकळाच हाय तो. मेहकरले विकन रुई, चढल्या भावानं."

खरं सांगतो, मला ती रुई कुठंच न्यायची नव्हती. तिच्या हातची होती. घरात राहू द्यावी, एवढंच वाटत होतं.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली आणि रुई पिंजाऱ्याच्या दारात उतरवली, पावसाळ्यातल्या भावानं. त्यानं भीतभीत विचारलं, "पुढच्या सालचा बोल कोन देईन, दादा?" जन्मात मी कधी भाव बांधला नव्हता. तिथंच उभ्यानं बांधला. कमीच सांगितला असणार, कारण त्यानं घासाघीस केली नाही.