टॉवेलमधला पेशंट

"मेलाय," मी म्हटलं. "घेऊन जा आता."

वाशी गावातले जोमाकाका हलले नाहीत. टेबलावर चार-साडेचार फुटांचा नाग आडवा पडला होता. डोकं काकांच्या टॉवेलात गुंडाळलेलं.

ऐंशीच्या दशकाची अखेर. वाशीत आमच्या क्लिनिकला सोनोग्राफीचं मशीन नवीन होतं. त्या सकाळी काकांचा मुलगा बाळाराम बुलडोझर चालवत होता. जमीन एकेकाळी त्यांचीच, आता तिथे बिल्डिंग उठणार होती. बांध फोडताना नागाला फटका बसला. जखम दिसेना, पण तो हलेचना. नाग मेला की तोंडात तांब्याचा पैसा ठेवून माणसासारखं दहन करायचं, ही गावची रीत. सरण रचून झालं, आणि ऐन वेळी काकांना शंका आली.

"बांधाचा राखनदार हाय तो," ते म्हणाले. "जित्या नागाला आग दिली त माझे पोराला कोन वाचवनार? सकालपासून पोरानं पानी पन घेतला नाय. सुनेचे पोटातला पोर तू टीवीवर दावलास ना? मंग याचा काळीज दाव."

आमचे मोठे डॉक्टर त्या दिवशी बाहेरगावी होते. असते तर नागाबरोबर मलाही हाकललं असतं.

सोनोग्राफी म्हणजे शरीरात आवाज सोडायचा आणि तो आपटून परत आला की त्याचं चित्र बघायचं. मध्ये हवा आली की चित्र गायब, म्हणून जेली लावतात. खवल्यांच्या फटींत हवाच हवा. अर्धी बाटली जेली ओतली, हातातला प्रोब नागाच्या मधोमध टेकवला आणि दर जागी पाच सेकंद बघत गेले. माणसाचं हृदय तेवढ्यात पाच-सहादा हलतं. इथे काही नाही. म्हणून म्हटलं, मेलाय.

"अगो बाय, येके जागी थांब तरी!" काका खेकसले. "भाजी निवडतेस काय?"

मला रागच आला. अठरा वर्षं शिकून हे ऐकायचं! पण प्रोब मानेजवळ नेला आणि हट्टाने एकेका जागी थांबत खाली सरकले. टॉवेलच्या कडेपासून वीतभर अंतरावर थांबले. एक, दोन, तीन... अकरा. पडद्यावरचा करडा ठिपका आकसला. आणि पुन्हा सगळं गप्प.

परत अकरा मोजले. परत हललं.

"जिता हाय," काका कुजबुजले आणि खाली बसून रडायलाच लागले.

मशीन तापू नये म्हणून आमची खोली कायम बर्फासारखी गार असायची. थंडीत सापाचं सगळंच मंदावतं, हे तेव्हा कुणाला माहीत! काकांनीच एसी बंद करायला लावला, खिडकी उघडली. ऊन टेबलावर आलं. मी मोजत राहिले. नऊ सेकंद. बऱ्याच वेळाने सहा. मग तीन. मला इतका आनंद झाला होता की मी मोठ्याने आकडे सांगत होते.

मग दोन झाले, आणि डोक्यात प्रकाश पडला. हे हृदय ज्याचं आहे, तो माझ्या मनगटाखाली आहे.

पडद्यावरून नजर काढली. टॉवेल हळूहळू फुगत होता. आतून फणा उघडत होता.

"हालू नको," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम शांत. "हात तितंच ठेव." माझ्या तळव्याखाली ते थंड अंग आवळलं, सैल झालं, पुन्हा आवळलं. काकांनी टॉवेलासकट मान धरली, अंग बरोबर आणलेल्या टोपलीत सोडलं आणि झाकण दाबलं. आतून फुत्कार आला. तो आवाज मी आजही ओळखेन.

संध्याकाळी त्यांनी नाग खाडीकाठच्या दलदलीत, खाजणात सोडला. बाळारामने दोन भाकऱ्या खाल्ल्या, असा निरोप आला. मला मात्र जेवण गेलं नाही. माझ्या एका 'मेलाय'वर काका निघून गेले असते, तर तो सरणावर ऊब लागून जागा झाला असता.

पुढे नोकरी संपेपर्यंत मी रिपोर्टात 'ठोके नाहीत' असं कधी लिहिलं नाही. 'इतका वेळ बघितलं, दिसले नाहीत' एवढंच लिहायचे.