गुडघ्यामागची फॅबेला

एक्स-रेच्या दवाखान्यात बाई एकवीस वर्षं रिपोर्ट टाइप करत होत्या. डॉक्टर फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून टेपमध्ये बोलत, बाई ते ऐकून टाइप करत. न कळलेल्या शब्दाच्या जागी त्या टिंबं देत आणि डॉक्टर तिथं पेनानं शब्द भरत. शरीरशास्त्र बाई शिकल्या नव्हत्या, पण डॉक्टरांना पुरतं ओळखून होत्या. धडधाकट गोष्टीबद्दल ते अवाक्षर काढत नसत. लिहिलं म्हणजे खोट. आणि पेशंट ओळखीतला असला की खोट जितकी मोठी, तितका शब्द अवघड. थोरल्या दिरांच्या रिपोर्टमधला एक शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं टाइप केला होता. त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही, आणि वर्षाच्या आत दीर गेले.

म्हणून नवऱ्याच्या गुडघ्याचा रिपोर्ट टाइप करताना शेवटच्या ओळीशी त्यांची बोटं अडली. 'फॅबेला दिसते.' हा शब्द त्यांना नवा होता. डॉक्टरांनी तो एकेक अक्षर सुटं करून सांगितला होता. बाईंनी टिंबं देऊ नयेत, विचारायला येऊ नये, म्हणूनच, दुसरं काय?

त्याच दिवशी जाताना डॉक्टर म्हणाले, "मिस्टर कसे आहेत?" एकवीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तर कपाळाला आठीसुद्धा न घालता दिली. बाईंची खात्रीच पटली.

नवऱ्याला सगळी गल्ली शिंपीबुवा म्हणायची. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं पायाचं मशीन होतं. पुढच्या सोमवारी हाडांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. तोवर पायाला आराम, असं सांगून बाईंनी मशीनवर चादर टाकली. रिपोर्टचं नाव काढलं नाही. पण भाजी चिरता चिरता त्या त्यांची चाल बघत. पँट कमरेला ढिली झाली की काय, असंही त्यांना वाटू लागलं.

"पायात चोर लपलाय का माझ्या?" शिंपीबुवांनी एकदा विचारलं. बाई हसल्या नाहीत.

शनिवारी बाईंनी कपाटाच्या तळातून अकरा वर्षांपूर्वीचा लिफाफा काढला. शिंपीबुवा सायकलवरून पडले होते तेव्हाची फिल्म. सोबतचा रिपोर्ट बाईंनीच टाइप केलेला. त्यात एका जागी पाच टिंबं, आणि त्यांवर निळ्या शाईत डॉक्टरांच्या अक्षरात तोच शब्द. म्हणजे अकरा वर्षं डॉक्टर आपल्यापासून लपवताहेत.

सोमवारपर्यंत त्या थांबल्या नाहीत. लिफाफा तसाच डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. गुडघ्याच्या मागे एक पांढरा ठिपका होता. दोन्हीकडे तेवढाच, त्याच जागी.

"लॅटिनमध्ये फॅबेला म्हणजे इवलासा दाणा. शेंगेतला असतो ना, तसा. पोटरीच्या स्नायूतलं बारीक हाड. काहींना असतं, काहींना नसतं. त्यानं बिघडत काही नाही."

"मग लिहिलंत कशाला? एरवी लिहीत नाही."

"तेव्हा ते पडले होते. आता हाडांच्या डॉक्टरकडे जाणार आहेत. त्यानं हा दाणा मोडलेला तुकडा समजून गुडघा उघडायला नको."

बाईंचं समाधान झालं नाही. "आणि त्या दिवशी मिस्टरांची चौकशी का केलीत?"

डॉक्टर जरा ओशाळले. "माझा कोट त्यांच्याकडे शिवायला पडलाय, बाई. महिना झाला. तुम्हाला थेट कसं विचारणार? रजा दिली तेव्हा वाटलं, घरी जाऊन आठवण तरी कराल."

घरी येऊन बाईंनी सगळं सांगितलं. शिंपीबुवा ऐकत होते, पण चेहरा तसाच. "डॉक्टर ओळखीच्यांना खरं सांगत नाहीत, हे तूच म्हणायचीस. मशीन झाकलंस. पाच दिवस माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीस, नुसती पायाकडे बघतेस. आता म्हणे दाणा."

बाईंनी चादर ओढून काढली. "डॉक्टर कोट मागताहेत."

शिंपीबुवांनी विचार केला. "शिवूनच मागितला? परत नाही मागितला?"

"शिवून."

मग ते उठून मशीनवर बसले. माझं काही खरं नसतं, तर शहाण्या माणसानं कापड परत नेलं असतं, एवढंच बोलले. पाय हलू लागला.

बाई आत भाजी चिरायला बसल्या. मध्येच मशीनचा आवाज थांबला, तशा सुरी टाकून दारात आल्या. शिंपीबुवा सुईत दोरा ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "जिवंत आहे."