बसलेलं फुलपाखरू

सकाळी अंगणात नळी धरून झाडांना पाणी घालत होतो, तेव्हा शबानाचा फोन आला. "आप्पाचाचा..." एवढंच म्हणाली आणि थांबली. पुढचं तिनं सांगायची गरज उरली नाही. अय्युब गेला होता. मी फोन खिशात ठेवला आणि जास्वंदीला पाणी घालत राहिलो. आळं भरून पाणी फाटकाबाहेर वाहायला लागलं, तेव्हा बायकोनं येऊन नळ बंद केला आणि काही न विचारता माझी चप्पल पुढ्यात आणून ठेवली.

त्याच्या आठवडाभर आधीच त्याला भेटून आलो होतो. पलंगावर उशांना टेकून बसला होता, नाकाशी नळी, आणि शेजारी प्राणवायूचं यंत्र एकसारखं घुंऽ करत होतं. मी आपला गावातल्या गप्पा सांगत होतो. कोणाचा पोरगा परत आला, कोणत्या रस्त्याचं खोदकाम सुरू झालं, असलं काहीबाही. तो ऐकत नव्हता. मध्येच म्हणाला, "आप्पा, ती फ्रेम तशीच ऱ्हाई गयी." मी म्हटलं, बरा हो, मग बघू. त्यावर तो हसला. हसण्याएवढा श्वास त्याच्याजवळ नव्हता, तरी हसला. "तू लाव," म्हणाला. "जे बठेल व्हई ते लाव." जे बसलेलं असेल ते. मी मान डोलावली आणि घरी आलो. काय कबूल करून आलो होतो, ते मला नंतर कळलं.

अय्युब म्हणजे आमच्या नंदुरबारच्या बाजारपेठेतला फोटोग्राफर. त्याच्या वडिलांचा स्टुडिओ, मग त्याचा, आता मुलीचा, शबानाचा. गावातल्या निम्म्या लोकांच्या लग्नाचे फोटो त्यानं काढले आहेत आणि त्याच घरांतली माणसं गेल्यावर भिंतीवर हार घालून लावायचे फोटोही त्यानंच मोठे करून दिले आहेत. मी बसस्थानकावर कंट्रोलर होतो. आयुष्यभर भोंग्यातून गाड्या पुकारल्या. स्टुडिओ स्थानकाच्या वाटेवर, त्यामुळे जाता येता चहा ठरलेला. त्या चहातून मैत्री कधी झाली ते दोघांनाही सांगता आलं नसतं. एक मात्र खरं, की मी जन्माचा उतावळा आणि तो जन्माचा निवांत. आमचं जमलं कसं, हे माझ्या बायकोला अजून कोडं आहे.

ती फ्रेम स्टुडिओच्या समोरच्या भिंतीवर, अगदी मधोमध. सागवानी, कोपऱ्यांवर वेलबुट्टी. एका घरानं लग्नाच्या फोटोसाठी करवून घेतली होती, पण ते लग्न मोडलं आणि फ्रेम न्यायला कोणी आलंच नाही. अय्युबनं ती तशीच टांगली, काचेमागं कोरा पांढरा कागद लावून. आजूबाजूला नवरानवरी, बारशी, साहेबांचे निरोपसमारंभ, आणि मध्ये हा कोरा चौकोन. पासपोर्टचा फोटो काढायला आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, हा कोणाचा? अय्युब कॅमेऱ्यातून डोळा न काढता सांगायचा, "तो येवाना शे अजून." यायचा आहे अजून. लोक हसायचे. मला एकट्याला माहीत होतं की तो चेष्टा करत नाही. त्याला तिथं एक फुलपाखरू लावायचं होतं.

हा नाद त्याला कधी लागला ते ठाऊक नाही. पण नादात मला ओढलं ते मात्र लख्ख आठवतं. उन्हाळा म्हणजे लग्नसराई, त्याची कमाईची वेळ. त्यामुळे पंचांग त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ. माझ्या घरी सत्यनारायण असला तर बायको तिथी मला नाही, अय्युबला विचारायची. ज्या दिवशी लग्नाची तिथी नाही, तो दिवस त्याचा. आदल्या संध्याकाळी स्थानकावर यायचा आणि खिडकीतून म्हणायचा, "बुधवारले तिथी नही. जाऊत का?" मग बुधवारी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही खांडबाऱ्याला. जन्मभर बसगाड्या लावणारा माणूस फिरायला रेल्वेनं जातो, यावर स्थानकातल्या हमालांनी माझी पुरेशी टिंगल करून घेतली. खांडबाऱ्याहून बाजार ओलांडून डोंगराच्या बाजूला चालत सुटायचं. सागाची पानं गळून गेलेली, सगळं रान उघडं, भाजलेलं. आणि मग एका वळणावर नाला. वरच्या अंगाला कोरडा, पण खाली खडकाच्या कुशीत एक डोह उन्हाळाभर टिकून असायचा. त्याच्या ओलाव्यानं काठावर एकदांडी माजलेली असायची. ती उंच देठाची, पिवळ्या मध्याची बारकी फुलं... गावात गटाराकाठी उगवतात, कोणी ढुंकून बघत नाही. आणि चढावर कुडा पांढरा फुललेला. त्याचा वास वाऱ्यावर यायचा, जायचा. आपण कुठं आलो, कशाला आलो, हे मी तिथं विसरून जायचो. घड्याळ बघायची माझी सवयही तिथं सुटायची, आणि हे माझ्या वरिष्ठांनाही कधी जमलं नव्हतं.

पहिल्या वर्षाची गंमत सांगायलाच हवी. हा पठ्ठ्या लग्नातली चंदेरी पाटी घेऊन आला. नवरीच्या चेहऱ्यावर उजेड पाडायला धरतात ना, ती. ती माझ्या हातात दिली आणि मला डोहाकाठी उभं केलं. म्हणाला, पंखांवर उजेड मार. मी पाटी फिरवली आणि लखलखाट झाला. काठावरची सगळी फुलपाखरं एकदम उठली, आणि नाला असा रिकामा झाला की जणू जेवणाची पंगत उठली. डोहावर हंडा भरायला आलेली एक कोकणी आदिवासी बाई आमच्याकडं बघत राहिली. मग तिनं तिच्या बोलीत विचारलं, आणि ते आम्हाला बरोबर समजलं, की लग्न कोणाचं आहे? अय्युब एवढा हसला की खडकावर बसूनच राहिला. ती पाटी पुन्हा कधी आली नाही. पण लग्नातली जीभ गेली नाही. एकदांडीच्या ताटव्यासमोर गुडघे टेकून तो फुलपाखराला म्हणायचा, "नवरदेव, मान जराशी वर... हां. आते हालू नको." श्वास रोखून. तो श्वास रोखायचा आणि मीही नकळत रोखायचो.

पाटीनंतर त्यानं एक नियम केला, आणि तो नियम म्हणजे अय्युब असंच मला आता वाटतं. फुलावर आपली सावली पडू द्यायची नाही. सावली पडली की ते उडतं. तो आधी ऊन कुठं आहे ते बघायचा, मग मला एखाद्या स्टुलासारखं उचलून ठेवायचा. तू तठे बस, तिकडं तोंड कर. माझ्या तोंडावर ऊन आणि त्याच्या कॅमेऱ्यापुढं स्वच्छ फूल, अशी आमची वाटणी. मी जरा हललो की मागं न बघता म्हणायचा, "आप्पा, सावली." मी कुरकुर केली, किती वेळ लागेल विचारलं, तर उत्तर ठरलेलं. "घाई करू नको. तुन्ही गाडी नही सुटी ऱ्हायनी."

फोटो सुंदर यायचे. काय सांगू, एकेका पंखावरची भुकटी मोजून घ्यावी असे. केशरी, काळ्या किनारीचं. निळं, नखाएवढं. कुड्याच्या घोसावर उलटं लटकलेलं. संध्याकाळी स्टुडिओत संगणकावर लावून आम्ही बघायचो. मी म्हणायचो, हे लाव फ्रेममध्ये. तो मान तिरपी करून बराच वेळ बघायचा आणि नाही म्हणायचा. एकदा मी चिडलो. म्हटलं, यात काय खोट आहे ते तरी सांग. तो म्हणाला, "हाई बठेल नही शे, थांबेल शे." आणि बोटानं पायांकडं दाखवलं. पाय फुलाला टेकलेत, पण अंग उडण्याच्या बेतात. त्याला आपण दिसलो आहोत... मी स्थानकावर आयुष्य काढलेला माणूस. इंजिन चालू ठेवून थांबलेली गाडी आणि मुक्कामाची गाडी यातला फरक मला कोणी शिकवायला नको. त्याचं म्हणणं मला पटलं, आणि त्या दिवसापासून फ्रेमबद्दल मी काही बोललो नाही. त्यानंतरचे कित्येक उन्हाळे आम्ही एका बसलेल्या फुलपाखराच्या मागं घालवले.

मग त्याची फुप्फुसं आखडायला लागली. आधी चढ बंद झाला, मग जिना. गेल्या उन्हाळ्यात खांडबाऱ्याचं नाव काढल्यावर शबानानं सरळ नाही म्हणून सांगितलं. तो पंचांग चाळत बसला. ते बघून तीच माझ्याकडं आली आणि म्हणाली, "घेऊन जा चाचा, पण रिक्षानं. डोहाच्या पुढं नाही. आणि त्यांना वाकू देऊ नका." आम्ही रिक्षा वळणापर्यंत नेली. तिथून डोह हाकेवर, पण ती हाक त्या दिवशी फार लांब गेली. मी त्याचा कॅमेरा घेतला होता आणि त्यानं माझा खांदा. चार पावलं, मग थांबायचं. कुड्याचा वास आला तेव्हा त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, आता इथूनच परत जाऊ म्हणेल. म्हणाला नाही.

गुडघे टेकणं शक्यच नव्हतं. बसण्याजोगा खडक एकच, आणि तो असा की त्यावर बसलं की ऊन बरोबर पाठीवर. अय्युब बसला आणि त्याची सावली पुढं ताटव्यावर पडली. डोकं, तिरपी टोपी, खांदे, सगळं एकदांडीच्या फुलांवर. इतक्या वर्षांचा नियम असा बसल्या जागी मोडला. तो सावलीकडं बघत राहिला. "आज काही येवाव नही," म्हणाला. मी त्याला हलवून बसवावं म्हणून उठलो, तर हातानंच नको म्हणाला. मग मीही बाजूला बसलो. ऊन वाढत गेलं. खडक तापले, पाण्यावरून झळा उठायला लागल्या, समोरचा डोंगर त्या झळांत हलत होता. बोलणं संपलं. मला डुलकी लागली असावी, कारण पुढचं मला स्वप्नात पाहिल्यासारखं आठवतं. बारकी पिवळी फुलपाखरं, ती अगदी साधी, शेताच्या बांधावर दिसतात ती... उन्हातून भरकटत आली आणि अय्युबच्या सावलीत शिरली. दुसरी सावली आसपास नव्हतीच. एक पिवळं, टोपीची सावली पडली होती तिथल्या फुलावर उतरलं. पंख मिटले. आणि हललं नाही.

अय्युबनं कॅमेरा मांडीवर टेकवला आणि एकदाच कळ दाबली. फक्त एकदा. मग झाकण लावून कॅमेरा खाली ठेवला. मी बघायला सरकणार, तर हळूच म्हणाला, "उठू नको." आम्ही तसेच बसून राहिलो. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, मोठा, खरखरीत. त्यानं रोखायचा प्रयत्न केला नाही, आणि पिवळं तरीही बसून होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. रिक्षावाला हाका मारत आला तेव्हा ते उडालं. परतीच्या वाटेवर मी विचारलं, कसा आला फोटो? तो म्हणाला, "सावली शे त्यामा." मला वाटलं, वाया गेला. मीही मग विषय वाढवला नाही.

तो गेल्यावर महिनाभरानं शबाना आणि मी स्टुडिओत बसलो. त्याआधीच बाजारातल्या मंडळींनी अय्युबचा मोठा फोटो करून स्टुडिओत लावायचं ठरवलं होतं. भाभींनी, म्हणजे अय्युबच्या बायकोनं, नको म्हणून सांगितलं. त्यांच्या घरात गेलेल्या माणसाची तसबीर भिंतीवर लावायची रीत नाही. ज्यानं अख्ख्या गावाच्या तसबिरी केल्या, त्याची एकही नाही... मला ते लागलं, पण घर त्यांचं आणि माणूसही त्यांचा. राहिली ती फ्रेम. शबाना एकेक फुलपाखरू पडद्यावर आणत होती आणि मी पाय बघत होतो. हे थांबलंय. हेही थांबलंय. दुपार कलली. ती कंटाळून म्हणाली, चाचा, सगळी तर छान आहेत, कोणतंही लावू. मी कबूल केलं होतं, आणि मला निवडता येत नव्हतं. शेवटी गेल्या उन्हाळ्यातला तो एक फोटो आला. फुलांवर पडलेली एका माणसाची सावली. डोकं, टोपी, उतरते खांदे. आणि टोपीच्या काळोखात, पंख मिटून, पाय पुरते टेकून, एक पिवळा ठिपका.

शबाना म्हणाली, "हा नको. सावली आली तर अब्बा फोटो पुसून टाकायचे." मी म्हटलं, मग हा का नाही पुसला? ती पुन्हा पडद्याकडं वळली. नंतर तिनंच तो छापला आणि तिनंच कोरा कागद काढून फ्रेममध्ये बसवला. संध्याकाळी भाभी आल्या. आम्ही दोघंही धास्तावलो होतो, त्या काय म्हणतील म्हणून. त्या जवळ गेल्या, चष्मा पुसून पुन्हा लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग काचेवर बोट टेकवून म्हणाल्या, "टोपी तिरछी है. कभी सीधी पहनी ही नहीं." आणि पदराचं टोक तोंडाशी धरून बाकावर बसल्या. हा भिंतीवरून काढा असं काही म्हणाल्या नाहीत.

आता उन्हाळा पुन्हा लागला आहे. शबाना लग्नांच्या धावपळीत असते, पण सकाळी शटर तीच उघडते आणि मी चहाला जातो. गिऱ्हाईक अजून विचारतं, हा कोणाचा? ती सांगते, अब्बांचा. स्टुडिओचं दार पूर्वेला आहे. परवा दारात उभा राहिलो तर कोवळ्या उन्हात माझी सावली लांब होऊन आत गेली, थेट समोरच्या भिंतीपर्यंत, आणि फ्रेमवर पडली. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी पटकन बाजूला झालो. मग पुन्हा होतो तिथं येऊन उभा राहिलो, चहा येईपर्यंत.