पुकारेवाले नाना आणि तोंड सुकवणारी गोळी

आमच्या तालुक्याच्या कोर्टात पुकारा देणाऱ्या नानांचा आवाज थेट बाजाराच्या टोकापर्यंत पोहोचत असे. नाव ऐकून पक्षकार उठला नाही तर दावा एकतर्फी जातो, याची त्यांना पुरती जाणीव होती. "आपल्या गळ्यावर लोकाईचं शेत-वावर टिकून हाये," असे ते म्हणत. मी समोरच्या निंबाखाली अर्ज लिहीत असे. नानांचा कंठ आणि माझी लेखणी, त्या आवारात एवढीच दोन कामे चोख होत.

असा हा माणूस एका उन्हाळ्यात भिंतीकडे तोंड करून निजला, तो उठेना. अंगारे-धुपारे झाले. अखेर मीच त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, समजावले आणि नानांना नागपूरच्या डॉक्टरांकडे नेले. आजार उदासीचा निघाला. त्या काळी नवीनच आलेल्या इमिप्रामीन नावाच्या गोळ्या मिळाल्या. डॉक्टरांनी बजावले, "आधी तोंड कोरडे पडेल, गुण काही आठवड्यांनी येईल. मध्येच सोडू नका."

रजा संपली म्हणून नाना कसेबसे कामावर आले, तर आवाज घशातच अडकू लागला. घरी जाऊन म्हणाले, "गळाच गेला तं मी काय कामाचा? फेक त्या गोळ्या."

काकूंनी पाण्याचा गडवा पुढे केला. "गळा जाऊ द्या. तुमी राहा."

पुढे एका सकाळी नाना म्हणाले, "चहा फिका काऊन केला?" आजारात समोर येईल ते निमूट गिळणाऱ्या माणसाला चव कळली होती. काकू ते अख्ख्या आळीत सांगत सुटल्या.

गोळी चालू राहिली, त्यामुळे जुना आवाज काही परतला नाही. नाना तोंडात खडीसाखर धरून पायऱ्या उतरत आणि पक्षकारापाशी जाऊन म्हणत, "चला बाप्पा, नंबर लागला."

"काय हो नाना, लग्नाचं आवतन देऊन राह्यले काय?" कोर्टाचे नाझर चिडवत.

"तारखीले आलेला मानूस पाव्हनाच हाये, साहेब."

नाना वारले त्याला बराच काळ लोटला. मला एक दुपार विशेष आठवते. दुसरबीडचा एक पक्षकार नाव घेऊनही जागचा हलेना. सोबतचा भाऊ म्हणाला, "ढोंग हाये सारं." नाना त्या माणसाशेजारी मातीत बसले.

"मले बी असंच झालं होतं, बापू. औषध हाये. तोंड सुकते, पन मानूस वापस येते."

त्याने प्रथमच मान वर केली. इतक्यात आतून विचारणा झाली, पक्षकार आला आहे की नाही. नाना उठले नाहीत. मला म्हणाले, "सांगा साहेबाले, मानूस हजर हाये. उठाले थोडा वेळ लागते."