लाल औषध
कोकम सरबताचा लाल रंग दिसला की मला तो केमोचा वॉर्ड आठवतो. बायकोच्या शिरेत तसंच लाल औषध थेंबथेंब जात होतं. मला एका सौद्यासाठी शहराच्या टोकाला धायरी गाठायची होती, म्हणून मी सिस्टरशी घासाघीस केली, “तासाभराचं औषध अर्ध्या तासात सोडा.” “अहो, ही मंडई नाही. हे शिरेबाहेर गेलं तर मांस जाळतं. जळजळ झाली की लगेच सांगा,” त्या म्हणाल्या. मी सगळ्यांदेखत त्यांच्यावर भडकलो. थोड्या वेळाने पाहिलं, तर सुईभोवती बायकोचा हात सुजला होता. मी सिस्टरना हाक मारली. त्यांनी धावत येऊन औषध बंद केलं. “सांगितलं का नाहीस?” मी विचारलं. “तुम्ही पुन्हा भांडला असता,” ती म्हणाली. हात वाचला. त्या सिस्टरवरचा माझा राग अजून गेलेला नाही, पण बायको गप्प बसली की मला आजही घाम फुटतो.